नासेरियनने घर बांधायला घेतलं

केनियातल्या त्या मसाई गावातून आम्ही निघालो, त्या सकाळी माझी लेक मुक्ता मान खाली घालून एकेका म्हाताऱ्यासमोर उभी राहत होती. तिथली पोरं मोठ्यांना असाच नमस्कार करतात आणि मोठे डोक्यावर हात ठेवतात. एका आजोबांनी तळहातावर थुंकून तो हात तिच्या कपाळाला लावला. हा आशीर्वाद असतो हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी माझा हात पर्समधल्या रुमालाकडे गेलाच. शेजारीण नासेरियनने ते पाहिलं आणि गालात हसली.

संजय, माझा नवरा, तिथे सोलर पंप बसवायच्या कामावर होता आणि मी शाळेत गणित शिकवत होते. लग्न होऊन साताऱ्याहून निघाले तेव्हा मी रडले नव्हते. या गावातून निघताना मात्र काटेरी कुंपण दिसेनासं होईपर्यंत हमसून रडले.

मसाईंमध्ये घर बाई बांधते, म्हणून ते तिचं असतं. आम्ही शाळेच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो, ते बायकांना बघवेना. त्यांनी फांद्यांचा सांगाडा उभा करून दिला आणि शेणाचा ढीग माझ्यासमोर टाकला. मी साताऱ्याची, सारवणात माझा हात कोण धरणार? जमीन अशी सारवली की बघत राहावं, दारात रांगोळीही काढली. छपराला मात्र नावापुरतं लिंपलं. आमच्याकडे छपरावर कौलं, आणि ते काम गड्यांचं. पहिल्याच पावसात आमटीच्या पातेल्यात धार लागली. बायका पोट धरधरून हसल्या, मग सगळ्यांनी मिळून छप्पर लिंपून दिलं. फोनवर आई म्हणाली, "एवढी शिकलीस ती शेणात हात घालायला?" ती स्वतः जन्मभर सारवत आली होती.

आता आम्ही दुबईजवळच्या अल ऐनला राहतो. फ्लॅट छान आहे, पण भिंतीला खिळा मारायचा तर वॉचमनला विचारावं लागतं. मुक्ता लिफ्टमध्ये सगळ्यांना "हाय अंकल" म्हणते. तिकडे गावात नळ आलाय, दिवे आलेत, मुली हायस्कूलला जाऊ लागल्यात. इथल्या ओळखीतल्यांना हे सांगितलं की कोणीतरी उसासा टाकतंच, "गेलं का तेही गावपण!" मला अशा वेळी रागच येतो. ज्यांना गाढवावर पाणी लादून आणावं लागलं नाही, त्यांनाच नदीच्या वाटेचं कौतुक.

मागच्या महिन्यात नासेरियनचा व्हॉइस मेसेज आला, आमच्या दोघींच्या मोडक्या स्वाहिलीत. गाव रस्त्याजवळ, दवाखान्याच्या बाजूला हलतंय. नव्या कुंपणाचं रिंगण आखून झालंय. "मुक्ताच्या आई, बायका आपापलं घर बांधायला लागल्यात. तू काय ठरवलंस?"

मी तो मेसेज संजयला ऐकवला. संजय म्हणाला, "अगं, ते चॅप्टर खलास. आपण थोडेच तिकडे परत राहायला जाणार आहोत?" त्याचं खरं होतं. पण त्या रिंगणात माझी जागा नसली, तर मी कुठली म्हणून सांगू? साताऱ्याचं घर आता भावाचं. आणि अल ऐनची तर मी व्हिसापुरती.

मुक्ताने मोबाइलमधून डोकं वर न काढता निकाल दिला, "आई, जस्ट टेल हर द ट्रुथ."

मग मी घसा खाकरून, फार मोठ्या मनाने बोलले, की माझी जागा तिथे राहणाऱ्या कुणा बाईला दे. शेवटी आवाज भरून आलाच.

संध्याकाळी उत्तर आलं. "कुठली जागा? तुझं घर तू गेलीस त्याच पावसात बसलं. तिथे माझ्या सुनेने केव्हाच घर बांधलं. मी विचारत होते, तू येतेस कधी? तुझ्या घराला मी राबले होते, आता माझ्या घराला कोण राबणार? आणि रडतेस कशाला?"

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी ते ऐकलं आणि हसत सुटले. मग गाडीत बसून खूप रडले. संजय विमानाची तिकिटं बघतोय. शाळेला सुट्टी लागली की मुक्ताला घेऊन निघते, ऑक्टोबरच्या पावसाआधी घर उभं राहायला हवं.

साताऱ्याला गेले की धाकटी भावजय मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. "ताई, तुम्ही बसा," म्हणते. नासेरियन बसू देणार नाही.