हंडे परत आणले तो दिवस

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. रामावरचा माझा विश्वास तेव्हा उडत चालला होता. आम्ही नाशिकचे तांबट. वडिलांनी हातोडी धरायला शिकवलं तेव्हाच रोज सकाळी काळारामाच्या पाया पडायलाही शिकवलं. पण घरोघरी स्टीलची भांडी आली आणि तांब्याच्या हंड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एकाच्या भागीत स्टीलच्या डब्यांचा कारखाना काढायचा म्हणून मी सहा जणांकडून कर्ज उचललं. वर्षभरात कारखाना बसला, भागीदार गाव सोडून गेला. कागदांवर सह्या माझ्या होत्या. देवळात उभा राहिलो की तक्रारीशिवाय तोंडातून दुसरं काही निघेना, म्हणून मी जाणंच सोडलं.

एका सकाळी कोर्टाचा बेलीफ जप्तीचा हुकूम घेऊन आला. सोबत सावकाराचा माणूस. कपाट, पंखा, घड्याळ असं दाखवत त्या माणसाने ऐरण आणि हातोड्यांकडे बोट केलं. बेलीफ मात्र शांतपणे म्हणाला, "ती नाही. कारागिराची हत्यारं आहेत, कायद्याने जप्त होत नाहीत."

जाताना तो दाराशी थांबला. "दादा, एकूण किती जणांचं देणं आहे?"

"याला धरून सहा."

"मग नादारीचा अर्ज करा. फेडायला काही नाही, हे कोर्टालाच सांगा. वकील परवडत नसेल तर गरिबांना तिथे मोफत मिळतो. लाजू नका."

जप्ती करायला आलेल्या माणसाने असं बोलावं, याचं मला नवल वाटत राहिलं. बायको देव्हाऱ्याकडे बघत म्हणाली, "हे कुणी बोलवून घेतलं ते मला ठाऊक आहे. तुम्ही उद्याच जा."

मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक पैसा मागितला नाही. शेवटी म्हणाल्या, "काका, घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी द्या. एकही लपवली, तर मी तुमच्यासाठी उभी राहणार नाही."

मी मान खाली घातली. जप्तीच्या आधीच मी माझ्या हातचे शेवटचे चार मोठे हंडे नाशकातच द्वारका भागात साडूच्या घरी नेऊन ठेवले होते. मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील, असा हिशेब. त्या दुपारी साडूकडे गेलो, तर तो म्हणाला, "राहू दे की! कुणाला कळतंय?" खरंच कुणाला कळलं नसतं. पण वकीलबाईंसमोर खोटी यादी ठेवायची, या विचारानेच मला शरम वाटली. मी हातगाडी ठरवली आणि भर उजेडात हंडे आमच्या आळीतून परत आणले.

"विकायला काढले का हो?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"कोर्टात द्यायचेत. माझं दिवाळं निघालंय," मी ज्याला त्याला मोठ्याने सांगितलं. सांगताना छाती हलकी होत गेली. हंडे घरी उतरवून मी थेट देवळात गेलो. म्हणालो, "रामा, आता लपवायला काही उरलं नाही. पुढचं तू बघ."

अर्ज दाखल झाला आणि देण्यापायी होऊ शकणारी माझी अटक कोर्टाने थांबवली. हंडे विकले गेले, सहा जणांच्या वाट्याला जे यायचं ते आलं. वर्ष-दोन वर्षं तारखांना फिरलो, एकही चुकवली नाही. वकीलबाई शेवटपर्यंत सोबत होत्या. त्याच ऐरणीवर मी तांबे, पळ्या, पूजेची ताम्हणं ठोकून घर चालवलं, आणि एक दिवस न्यायाधीशांनी मला उरलेल्या देण्यातून मोकळं केलं.

मी बेलीफाला शोधून काढून त्याचे पाय धरायला वाकलो. त्याने मला मध्येच अडवलं. "अहो, मी फक्त कायदा सांगितला."

त्याच्या लेखी तेवढंच असेल. मला मात्र त्यात रामाचा हात दिसला, आणि यावर मी कुणाशी वाद घालत नाही. कर्ज फिटावं म्हणून मी त्याच्यापुढे रडत होतो. त्याने दिलं ते खरं बोलण्याचं बळ, आणि बाकीचं त्याच्यावर सोडून स्वस्थ निजता येईल एवढा विश्वास. मला ते पुष्कळ झालं.