खाटेवरून उतरवलेला माणूस

सिरिंज उकळून मी वॉर्डात आले तर खाट रिकामी. माधवराव खाली जमिनीवर. अंगाखाली दर्भ, डोकं दक्षिणेकडे. ऑक्सिजनची नळी नाकातून निघून खाटेच्या कडेला लोंबत होती. माधवरावांचे थोरले भाऊ रामराव त्यांच्या तोंडात गंगाजळ घालायला वाकले होते.

मी त्यांचं मनगट धरलं.

"सोड! खाटेवर मेला तर गती मिळायची नाही त्याला."

"मेलेत कुठे? पाणी घातलंत तर श्वासात जाईल, मग नक्की मरतील."

"चौथी शिकलेली तू, मला सांगतेस?"

"चौथीपर्यंत आकडे येतात. श्वास मोजलेत मी. चालू आहेत."

ही गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली. कुंभकोणमच्या एका लहान नर्सिंग होममध्ये मी आया होते. आठ खाटा, एक डॉक्टर. माधवराव शाळेचे हेडमास्तर. सकाळी वर्गातच छातीत कळ आली. गॅस म्हणून घरी हिंगपाणी दिलं आणि तासभर घालवला. डॉक्टर म्हणाले, कोरोनरी. सगळ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या हृदयालाही स्वतःचं रक्त लागतं. ते आणणारी नळी गुठळीनं बुजली की तेवढा भाग मरतो. पाट बुजला की त्यापुढचं भात वाळतं तसा. तेव्हा आमच्याकडे त्यावर औषध थोडं. दुखणं थांबवायला मॉर्फिया, ऑक्सिजन, आणि सहा आठवडे पडून राहणं. दाढीसुद्धा दुसऱ्यानं करायची.

चूक माझीही होती. मॉर्फियानं माणूस गुंगतो, हाक मारली तरी ओ देत नाही, हे घरच्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, संपलं. तिघांनी धरून उतरवलं.

मी नळी परत लावली. ती पुरेना. लोखंडी सिलिंडर खाटेमागून ओढत पुढे आणला. रामराव बघत उभे होते.

"बघता काय? धरा की!"

त्यांनी धरला.

डॉक्टर धावत आले. जमिनीवर बसून स्टेथोस्कोप लावला. नाडी सुतासारखी. उठले आणि कडाडले, "कोणी उतरवलं यांना? उचला, वर ठेवा!"

चौघे वाकले. मी मध्ये आडवी आले.

"डॉक्टर, उतरवताना हिसका बसला तो पुरे. पुन्हा उचललंत तर हातातच जातील. इथेच राहू दे."

आयाने डॉक्टरला असं बोलायचं नसतं. त्यांनी पुन्हा नाडी धरली. मग म्हणाले, "उशी दे."

माधवरावांची बायको भिंतीशी बसली होती. ती कुजबुजली, "अक्का, जमिनीवर घेतलेलं माणूस परत उठत नाही."

"उठतं. मी रोज जमिनीवरच झोपते."

ती रडता रडता हसली, मग पदर तोंडात कोंबून पुन्हा रडली. तिला म्हटलं, रडायचं तर बाहेर, त्यांना ऐकू येतं. तिनं डोळे पुसले. बाहेर गेली नाही.

संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. वर छत लांब दिसलं म्हणून विचारलं, "मी कुठे आहे?"

"खाली," मी म्हटलं. "हलू नका."

आठ दिवस ते तिथेच राहिले. बेडपॅन देता देता माझे गुडघे सोलवटले. डॉक्टर रोज मांडी घालून तपासायचे; शिपाई हसायचा. नवव्या दिवशी सहा जणांनी चटईसकट अलगद उचलून त्यांना खाटेवर ठेवलं. रामराव डोक्याच्या बाजूला होते. मला म्हणाले, "नीट धरलंय ना, गंगाक्का?" त्याआधी त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती.

त्यानंतर मॉर्फिया देण्याआधी घरच्यांना सांगायची मी सवय लावून घेतली: आता हे झोपतील, मेल्यासारखे दिसतील, हात लावू नका. एवढी तीन वाक्यं त्या दिवशी बोलले असते तर माझे गुडघे वाचले असते.

माधवराव मात्र वाचले.