संकल्पाचं पाणी

गार्डन रीचमधल्या आम्हा मराठी घरांत पूजा सांगायला, सगळे ज्यांना काका म्हणतात, ते काकाच येतात. रेल्वेतून निवृत्त झाले आणि कलकत्त्यातच राहिले. पाटावर बसले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकतात. कुणी "किती वेळ लागेल?" विचारलंच, तर म्हणतात, "ब्रह्मदेवाचं अर्धं आयुष्य सरलंय हो, तुमचा शिरा थांबेल जरा."

माझी बदली झाली तेव्हा आई नाइलाजाने नाशिक सोडून आली. सामानाची खोकीही उघडू देईना. "इथे आपण चार दिवसांचे पाहुणे," म्हणायची.

सत्यनारायणाला काकांनी माझ्या हातावर पाणी घालून संकल्प सुरू केला. कल्प, मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण, असे काळाच्या पायऱ्या उतरत ते स्थळापाशी आले आणि सवयीने म्हणून गेले, "गोदावर्याः दक्षिणतीरे." भिंतीला टेकलेल्या आईने मान डोलावली.

काका थांबले. ते पाणी ताम्हनात सोडायला लावलं, पळीभर नवं दिलं आणि पुन्हा थेट ब्रह्मदेवापासून सुरुवात केली.

"काका, चालतं की. देवाला कळतं," मी म्हणालो.

"देवाला कळतं रे. वहिनींना कळायला हवं."

मग सगळी युगं पुन्हा उतरून, आईकडे बघत, सावकाश म्हणाले, "भागीरथ्याः पूर्वतीरे." इथली हुगळी म्हणजे भागीरथीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पहिलं खोकं सोडलं आणि देवांपुढे बसता बसता विचारलं, "नदी कुठल्या बाजूला रे?"

तेव्हापासून काका भर रस्त्यात भेटले तरी मी वाकून नमस्कार करतो. का, ते त्यांनी कधी विचारलेलं नाही.