अंगणातली अर्धी ओळ

त्या काळात घरात दोघे जण माझ्याशी बोलत नव्हते. एक हे, आणि दुसरा देव. ह्यांचं कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेंदूतली रक्ताची गुठळी, त्यातून आलेला अर्धांगवायू, आणि त्यात गेलेली वाचा. देवाचं कारण मला कोणीच सांगितलं नाही. रोज मी दिवा लावायची, फूल वाहायची, दोन हात जोडायची आणि उठायची. श्रद्धा उडाली असं मी म्हणणार नाही, पण इतकी वर्षं ज्याच्याशी भांडत, लाडीगोडी लावत संसार केला, त्याच्यापुढे बसून आता काय बोलावं हेच सुचत नव्हतं. आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नव्हे, हे आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे.

माझी एक जुनी सवय आहे. चांगलं वाक्य कानावर पडलं की मला ते सोडवत नाही. कोणी कीर्तनात बोललेलं असो, रेडिओवर ऐकलेलं असो, नाहीतर आमच्याकडे दोन खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांनी जेवता जेवता सहज टाकलेलं असो. असं वाक्य मी दुसऱ्या दिवशी सकाळी सारवलेल्या अंगणात रांगोळीने लिहायची. दिवसभर त्याच्यावरून जा-ये व्हायची. पोस्टमन यायचा, कोंबड्या नाचायच्या, नारळांचे ढीग पडायचे. संध्याकाळपर्यंत अक्षर शिल्लक राहायचं नाही. आणि एवढी तुडवातुडव होऊनही जे वाक्य माझ्या डोक्यात टिकायचं, ते माझं झालं असं मी धरायची. माझी आई म्हणायची, "देवाला जे सांगायचं, ते आधी आपल्याला नीट ऐकू येईल असं सांगावं." हे वाक्य टिकलं. सासूबाईंशी वाद घालायच्या आधी ते आठवायची, आणि निम्मे वाद तिथेच विरायचे. दिवेआगरला येणारे पाहुणे समुद्राचे फोटो काढतात तसे माझ्या अंगणाचेही काढायचे, याचा मला थोडा गर्वही होता, खोटं कशाला सांगू.

ह्यांना मात्र या प्रकाराची भारी गंमत वाटायची. सकाळी चहाचा कप घेऊन पडवीत खुर्चीवर बसायचे, ओळ वाचायचे आणि म्हणायचे, "आज कोणाची अक्कल सांडलीस अंगणात?" मी चिडायची. मग म्हणायचे, "रांगोळी ओलांडून वाडीत जायचं म्हणजे मला रोज उडी मारायला लागते. या वयात!" पण पाय कधी अक्षरावर पडू दिला नाही त्यांनी. ओळीला वळसा घालून जायचे.

त्या सगळ्या वाक्यांत एक ह्यांचंच होतं. वादळाने आमची नारळ-सुपारीची वाडी आडवी केली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा पडल्या होत्या. नारळही किती गेले. माझे दीर, पुतणे, गडीमाणसं, सगळे विहिरीच्या कठड्यावर डोक्याला हात लावून बसले होते आणि कुणाची किती गेली त्याचा हिशोब करत होते. हे चिखलातून आले, कमरेला टॉवेल गुंडाळलेला, आणि म्हणाले, "पडलेली मोजत बसू नका, उभी आहेत ती शिंपा." खाऱ्या वाऱ्याने करपलेल्या झाडांवर गोडं पाणी शिंपलं नाही तर उरलेलीही जातील, एवढाच त्यांचा व्यवहारी मुद्दा होता. पण मी ते दुसऱ्या दिवशी अंगणात लिहिलं. वाचून हे लाजले. म्हणाले, "मला कशाला संतांच्या पंगतीला बसवतेस?" त्यानंतर दर वर्षी नवी रोपं लावताना मी ते लिहीत गेले. पोफळीला फळ धरायला वर्षं जातात. तेवढा धीर धरायला आम्हा दोघांना ते वाक्य उपयोगी पडलं.

आणि मग, लावलेल्या झाडांना पहिले घड दिसायला लागले त्याच सुमाराला हे पडले. मुंबईच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत होता. व्यायामाने पाय सुधारला. काठी धरून पडवीपर्यंत येऊ लागले. शब्द मात्र एकही नाही. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना सगळं कळतंय, फक्त बाहेर येत नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट रात्रंदिवस तेच टोचायचं की आत बसलेला माणूस सगळं ऐकतोय आणि हाक मारू शकत नाही.

म्हसळ्याला आठवड्यातून एकदा वाचा-उपचार करणाऱ्या एक ताई येत. मी ह्यांना घेऊन जायची. त्या चित्रं दाखवायच्या. कप, चावी, बटाटा. हे चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि मग मान फिरवायचे. ताई मला सांगायच्या, "काकू, तुम्ही विचारा आणि थांबा. रिकामी जागा त्यांना भरू द्या." मी मान डोलवायची. पण घरी आल्यावर थांबणार कोण? त्यांनी कपाकडे बोट केलं की मीच म्हणायची, "चहा हवाय ना?" खिडकीकडे पाहिलं की, "वाडी बघायची ना? चला." त्यांचे ओठ उघडायच्या आत माझं वाक्य पूर्ण. मी हट्टाला पेटले होते. माणसाला बोलतं केल्याशिवाय राहणार नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. रोज अंगणात मोठमोठ्या अक्षरांत माझ्या साठ्यातलं एकेक वाक्य लिहायची, त्यांना खुर्चीवर बसवायची आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचून दाखवायची. धीराची, श्रद्धेची, कष्टाची, सगळी वाक्यं झाली. हे ऐकायचे. पुढे पुढे ऐकणंही सोडलं. खुर्ची भिंतीकडे वळवून बसू लागले. इतकी वर्षं जपलेल्या त्या वाक्यांचा त्या दिवसांत मला अक्षरशः राग येऊ लागला. एवढं सगळं गोळा करून ठेवलं, आणि गरज पडली तेव्हा एकही कामाला आलं नाही.

एके सकाळी वाडीत गेले तर एका पोफळीला घड चांगला भरलेला दिसला. हिरवा, घट्ट. बघून आधी हसू आलं आणि मग रडू आलं, कारण दाखवायचा कोणाला? घरी येऊन अंगण सारवलं होतं तिथे बसले आणि ठरवलं, आज ह्यांचंच वाक्य. शेवटचं. यानेही काही झालं नाही तर उद्यापासून रांगोळीचा डबा फळीवर. लिहायला लागले. "पडलेली मोजत बसू नका," एवढं झालं आणि फाटकातून खणखणीत आवाज आला, "कोन हाय का घरान?"

रांगोळीचा हात तसाच धरून मी उठले. एक बाई फाटक ढकलून आतच आली होती. माझ्याच वयाची, ठसठशीत कुंकू, अंगावर झुळझुळीत साडी. मागे रस्त्यावर गाडी उभी. उरणकडची माणसं, देवदर्शनाला निघालेली. तिला राहायला खोली हवी होती. मी सांगितलं की घरात आजारपण आहे, सध्या खोल्या देत नाही. ती "बरा, बरा" म्हणाली आणि वळता वळता तिचं लक्ष अंगणात गेलं. पदर सावरून वाकली आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. "पडलेली मोजत बसू नका. आनि पुढं काय?"

मी सांगायला तोंड उघडलं. तर तिने माझ्याकडे न बघताच हात वर केला. "थांब गो बाय. त्यांना इचारलाय मी." आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या ह्यांच्याकडे बघत म्हणाली, "काय वो दादा? पुढं काय हाय?"

तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. खुर्चीतला माणूस बोलत नाही हे मी सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तिचा हात अजून वरच होता, पोलिसाने गाडी अडवावी तसा, आणि का कोण जाणे, मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी सांगण्यावरून गप्प राहिले. ती उत्तराची वाट बघत सरळ उभी राहिली. तिला काहीच घाई नव्हती. विचारलं आहे म्हणजे माणूस सांगणार, इतकं ते तिच्या लेखी साधं होतं. मला तो वेळ सहन होत नव्हता. मुठीतली रांगोळी माझ्या पायावर सांडत होती.

ह्यांनी मान वळवली. ओळीकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. घशातून घरघर आली. आणि मग सगळं एकदम, अडकलेला नळ सुटावा तसं, "उभी आहेत ती शिंपा."

आवाज जाडसर होता, शब्द एकमेकांत मिसळलेले. पण ह्यांचाच आवाज. ते स्वतःच दचकले. डावा हात तोंडाला लावून माझ्याकडे बघत राहिले.

"बराबर हाय," बाई म्हणाली, जणू रोजचंच काही ऐकलं. मग माझ्याकडे बघून घाबरली. "आगो, कनाला रडतंस?" मी तिचे दोन्ही हात धरले, ते रांगोळीने पांढरे झाले. तिने पदराने माझे डोळे पुसले, तांब्याभर पाणी मागून प्यायली आणि ह्यांना म्हणाली, "जपून रावा दादा." गाडी गेली. तिचं नाव, गाव, काही विचारायचं मला भान नव्हतं. पुढे कधी ती दिसली नाही.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं होतं कधी कधी. रोजच्या ऐकण्यातलं, तोंडात बसलेलं वाक्य अर्धं दिलं की उरलेलं आपसूक येतं. त्यांचं खरंच असेल. मी वाद घालत नाही. पण नेमकी त्याच सकाळी, नेमकी अर्ध्या ओळीवर, मला गप्प करू शकेल अशी एक बाई फाटकातून आत आली, त्याचं काय करायचं, ते मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

बाई येऊन गेली त्या संध्याकाळी मी दिव्यापुढे बसले. भांडायचं होतं, इतके दिवस कुठे होतास म्हणून. तोंड उघडलं आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली, हसूही आलं. देवाशी तरी मी वेगळं काय करत होते? प्रश्न मी विचारायची, उत्तरही मीच ठरवून टाकायची, आणि वर तो बोलत नाही म्हणून रुसायची. बोलायला त्याला जागा कुठे ठेवली होती? सगळं देवाला अर्पण करणं म्हणजे हातपाय गाळून बसणं अशी माझी समजूत होती, म्हणून मला ते कधी जमलं नाही. माझा पिंड हट्टी. आता कळतं की हट्ट सोडायची गरजच नव्हती. आपल्या वाट्याची अर्धी ओळ हट्टाने, ठळक अक्षरांत लिहायची. फक्त उरलेल्या जागेवर आपला हात फिरवायचा नाही.

तेव्हापासून मी रोज अर्धीच ओळ लिहिते. काही दिवस हे पूर्ण करतात, काही दिवस नुसतंच डोकं हलवतात. कधी भलतंच काही जोडतात आणि आम्ही दोघं हसतो. आईच्या वाक्याला परवा त्यांनी "भजी" जोडली. शब्द एकेक करून परत येतायत, अजून खूप यायचे आहेत. थांबणं मला अजूनही जड जातं. जीभ दातांखाली धरून उभी राहते.

आज सकाळी मी एक अगदी नवीन ओळ लिहिली. कुठे ऐकलेली नाही, माझी स्वतःची, त्यामुळे पुढचं ह्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. "माझ्याने होईल तेवढं मी केलं, देवा," एवढंच. हे काठी टेकत पडवीतून उतरले, ओळीला वळसा घालून माझ्या शेजारी उभे राहिले आणि वाचू लागले. बराच वेळ गेला. मला राहवेना, माझे ओठ उघडले. तर ह्यांनी काठी बगलेत धरली आणि डावा हात वर केला, थेट त्या बाईसारखा.

"थांब," म्हणाले. "सांगतो."