आबांचा डबा आणि माझा नंबर

इंग्रजीचा गंध नसलेलं आमचं गाव एक इंग्रजी शब्द मात्र दिवसातून पन्नास वेळा वापरायचं. पाचोऱ्याजवळचं गाव, स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. शेताला आम्ही नंबर म्हणायचो. आबा, म्हणजे माझे वडील, कुठं गेले, तर खालच्या नंबरात. गिरणीत दळणाला नंबर लावायचा, शाळेत नंबर काढायचा, आणि शेजारचे नाना एक नंबरचे लबाड होते, तरी सगळ्यांचे लाडके होते.

यातल्या शाळेच्या नंबराची मला धास्ती होती. एके काळी पहिली येणारी मी घसरत घसरत चौदावी झाले होते. आबांनी सांगून टाकलं, पुढच्या परीक्षेत पहिल्या दहांत आलीस तर शाळा, नाहीतर घर. मला घरी बसायचं नव्हतं. चूल-शेणाचा मला मनापासून कंटाळा होता, आजही आहे.

त्याच हिवाळ्यात आमची केळी स्टेशनावर गेली. मालगाडीच्या डब्यांवरचे इंग्रजी आकडे आबांना वाचता येत नसत, म्हणून मला सोबत नेलं. मी ऐटीत लांबूनच बोट करून डबा दाखवला. दोन बैलगाड्यांचे घड आत रचून झाले आणि कळलं, तो डबा दुसऱ्याच शेतकऱ्याचा. शेवटचा आठ मी तीन वाचला होता. हमाल पोट धरून हसले. तो शेतकरी मात्र भला माणूस, स्वतः घड उतरवू लागला.

मला रडू फुटलं. आबा रागावले नाहीत. त्यांनी माझा हात धरून मला डब्याकडे चार पावलं नेलं आणि आकडा विचारला. मग आणखी चार पावलं. अगदी जवळ गेल्यावर मी बरोबर सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “पोरले दखास नही.” मला लांबचं दिसतच नव्हतं.

आठवड्याभरात जळगावला डोळे तपासून चष्मा आला. त्यालाही नंबर असतो हे मला तिथंच समजलं. गुरुजी फळ्यावर इतकं लिहितात हे पाहून तर मी थक्क झाले. घरात आबांची थोरली बहीण, आमची अक्का, कपाळाला हात लावून बसली.

“चष्मावाली पोरसंगे लगीन कोन करी?”

“ज्याले दखास, तो करी,” आबा म्हणाले.

मी जीव तोडून अभ्यास केला. निकाल लागला आणि माझा नंबर आला अकरावा. घराकडे पाय उचलेना. आबा दारात बैलांना पाणी पाजत होते. कितवी आलीस, त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून सांगितलं आणि दप्तर ओट्यावर ठेवून दिलं, आता ते लागणार नव्हतंच.

आबांनी ते उचलून परत माझ्या खांद्याला अडकवलं.

“म्हंजे दहा जन पुढे. घर बसीसन त्यासले कशी गाठशी?”