सादळलेलं नेट

पावसाळ्यात आमच्या घरात पापड सादळतात, काड्यापेटी सादळते आणि जपलं नाही तर सुके बोंबीलही सादळतात. त्या वर्षी सुनेच्या लॅपटॉपचं नेट सादळलं. हा शब्द माझाच. सून म्हणायची, "आई, नेट सादळत नाही, डिस्कनेक्ट होतं." मी म्हणायचे, पाऊस आला की मऊ पडतं आणि ऊन पडलं की कडक होतं, त्याला दुसरं काय म्हणायचं?

सून पालघरची. बोलायला स्वच्छ, रागवायला सावकाश. बोईसरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीचं दार लावून बसते आणि गोरेगावच्या एका ऑफिसचं काम करते. दिवसभर लॅपटॉपवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलून त्यांना शांत करायचं, हे तिचं काम. संध्याकाळी तीच बाई माझ्या तक्रारी ऐकते, म्हणजे दणकट असली पाहिजे.

आषाढ लागला आणि नेट जायला लागलं. बोलता बोलता पडद्यावरची माणसं तोंड उघडं ठेवून थिजायची, पापलेटासारखी. सून इकडे "हॅलो, हॅलो" करत राहायची. असं वरचेवर झाल्यावर तिच्या साहेबांनी सांगितलं की सोमवारी मोठी मीटिंग आहे, त्यात नेट गेलं तर पुढे रोज ऑफिसला यायचं. म्हणजे नात झोपलेली असताना घर सोडायचं आणि नात झोपल्यावर घरी यायचं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही नातीसाठी हळहळले. पण मनात मला दुपारच्या चहाचं पडलं होतं. आमच्या दोघींचा तो चहा म्हणजे अख्ख्या आळीचा पंचनामा असतो. तो एकटीनं कसा करायचा?

सुनेनं लॅपटॉपला सगळे उपाय करून पाहिले. बंद करून चालू केला. नेटचं नाव पुसून पासवर्ड नव्यानं घातला. खिडकीपाशी बसली, दारापाशी बसली, पलंगावर उशा रचून बसली. मोबाईलवरून नेट घेऊन पाहिलं, तर आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती फक्त मोरीत, आणि मोरीत बसून लोकांच्या तक्रारी कशा ऐकणार? स्वयंपाकघरात राउटर होता तिथेच बसून पाहिलं, तर कुकरची शिट्टी झाली आणि पलीकडचा तक्रारवाला म्हणाला, "मॅडम, तुमी जेवून घ्या आधी."

राउटर म्हणजे ती दिव्यांची डबी. तिची वायर मागच्या खिडकीतून येते, म्हणून ती फ्रिजच्या वर, भिंतीतल्या फळीवर बसवलेली.

मग नेटवाल्याला बोलावलं. हा वाणगावचा, भरघोस मिशांचा गृहस्थ. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं तेव्हा आला. स्टुलावर चढला, डबी पाहिली, वायर पाहिली, सुनेच्या लॅपटॉपवर एक सिनेमा लावून पाहिला.

"ताई, नेट तर घोड्यावानी पळतंय."

"अहो, काल दिवसभर बंद होतं."

"काल पाऊस होता. बाहेर खांबावर पानी गेलं आसंल." तो स्टुलावरून उतरला आणि नाक वर करून म्हणाला, "आजी, अंगनात बोंबील वाळत घातलेत काय?"

"तुज्या नाकाला रेंज चांगली हाय," मी म्हटलं आणि त्याला मूठभर बोंबील कागदात बांधून दिले.

दुसऱ्यांदा आला तेव्हाही ऊनच होतं, नेट पुन्हा पळत होतं, आणि बोंबील पुन्हा त्यालाच मिळाले. सून म्हणाली, "हा ऊन बघूनच येतो." मी म्हटलं, "बोंबील बघून येतो गो."

आता डब्यांचं सांगायला हवं. माझं माहेर नवापूरचं. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधी चार महिन्यांचा साठा करतात तेव्हा, भावजय मला सुके बोंबील, सोडे, जवळा अशी सगळी सुकी मासळी पाठवते. ते मी तेलाच्या मोठ्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांत भरते. पावसात जपायचं म्हणजे मोठं काम. ऊन पडलं की डबे अंगणात न्यायचे आणि मासळीला ऊन दाखवायचं. ढग आले की परत घरात. आणि घरात ठेवायचे कुठे? मला फळीवरची ती डबी दिसली. हात लावून पाहिला, तर काय छान ऊबदार. दिवस-रात्र पेटलेली, धूर नाही, राख नाही. मी चारही डबे तिच्याभोवती रचले, दोन खाली, दोन वर, अगदी शेकोटीला बसवावेत तसे. आमच्या घरात पत्र्याच्या डब्यांकडे कुणी बघत नाही. भिंतीकडे बघतो का आपण?

ही अक्कल काही नवी नव्हती. लग्न होऊन बोईसरला आलेली जी मी, तिला मी आता 'ती' म्हणते, कारण असल्या बाईशी नातं सांगायला धीर लागतो. ती स्वतःला फार हुशार समजायची. आळीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला, लाकडी दारांचा, काळा-पांढरा. आळी चित्र बघत होती आणि ही बया टीव्हीच्या पाठीला हात लावून बघत होती. पाठ गरम लागली. झालं. हिनं सोड्यांची पुरचुंडी टीव्हीमागे सारून दिली आणि वर एक फडकं टाकलं.

रविवारी सगळी आळी पिक्चरला जमली. हिरॉईन रडायला लागली तेव्हा मांजर टीव्हीवर चढून बसलं आणि शेपटी तिच्या नाकासमोर हलवायला लागलं. पिक्चर संपून बातम्या लागल्या तशा सासूबाई म्हणाल्या, "बातम्यांना सोड्यांचा वास येतोय."

त्यावर ती शहाणी म्हणते कशी, "आई, वादळाची बातमी हाय ना, समुद्रावरना आलेय."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवरची माणसं चेपत चेपत एका आडव्या रेघेत मावली. दुरुस्तीवाल्यानं फडकं काढलं, पुरचुंडी काढली आणि तिचा वास घेऊन सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. सोडे मात्र असे खमंग भाजले होते की सासूबाईंनी लगेच कालवण केलं आणि दुरुस्तीवाल्यालाही पानावर बसवलं. एवढं होऊन त्या बाईला काय शिकायला मिळालं? तर गरम यंत्राशेजारी सोडे चांगले राहतात.

तर सोमवार. सकाळपासून पाऊस धरलेला. सुनेनं वरचा कुर्ता इस्त्रीचा घातला, खाली घरातला पायजमा, लिपस्टिक लावली आणि देवाला नमस्कार करून दार ओढून घेतलं. नात शाळेत गेलेली. मी स्वयंपाकघरात. थोड्याच वेळात आतून आवाज यायला लागले, "सर, ऐकू येतंय का? सर?"

मी ठरवलं, नोकरी घरातून होवो नाहीतर गोरेगावातून, पोरीला आज सोड्यांचा भात खायला घालायचा. स्टुलावर चढले आणि समोरचा, वरचा डबा उतरवला. आतून सून म्हणाली, "हां सर, आता येतोय आवाज."

मूठभर सोडे काढले, झाकण लावलं, डबा वर ठेवला.

"हॅलो? सर? हॅलो?"

माझा हात डब्यावरच राहिला. मी डबा पुन्हा उचलला.

"हो सर, सॉरी सर, बोला."

पुन्हा ठेवला. हॅलो. उचलला. बोला सर. पाण्याचा नळ सोडावा आणि बंद करावा तसं माझ्या हातात सुनेचं ऑफिस आलं होतं. आणखी एकदा ठेवणार होते, आता निव्वळ गंमत म्हणून, पण पोरीचा आवाज रडवेला झाला होता. मग गुपचूप एकेक करून चारही डबे खाली उतरवले. बोंबलांना वजन ते काय, पण त्या दिवशी मी डबा खाली टेकवताना तान्हं मूल ठेवावं तसा ठेवला, वाजू नये म्हणून. गॅस बंद केला. आणि डब्यांच्या मधोमध फतकल मारून ऐकत बसले. आत सुनेचं बोलणं कुठे अडखळेना. ती हसली. पलीकडून साहेबही हसले.

दार उघडलं तेव्हा मी तशीच बसलेली.

"आई, झालं. साहेब म्हणाले, घरूनच करा." एवढं म्हणून तिनं डबे पाहिले. "हे काय?"

"सोडे काढत होते. भातासाठी."

"चारही डब्यांतून?"

तिनं फळीकडे पाहिलं. दिव्यांची डबी तिथे एकटीच, उघडी, डोळे मिचकावत. मग खिडकीतून पावसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे ऊन पडलं की डबे अंगणात."

"हां."

"आणि पाऊस आला की डबे तिच्याभोवती."

"ऊब असते गो तिला."

"आणि त्या वाणगावच्या माणसाला मी दोनदा बोलावलं."

"त्याचं काय वाईट झालं? दोनदा बोंबील घेऊन गेला."

ती दाराच्या चौकटीला टेकली. मला वाटलं, आता सावकाश राग येतोय. पण ती घसरत घसरत खाली बसली आणि डब्यावर डोकं ठेवून इतकी हसली की डबा वाजायला लागला. "साहेबांना मी सांगितलं," ती कशीबशी म्हणाली, "की आमच्याकडे लाईनचा प्रॉब्लेम आहे."

"बरोबर सांगितलंस. चार डब्यांची लाईनच होती."

आमचा चहा त्या दिवशी तिथेच, जमिनीवर झाला.

डब्यांची जागा आता सुनेनं ठरवली आहे. तीन कोठीत. चौथा, सोड्यांचा, तिच्या टेबलाखाली, कारण लॅपटॉपचा चार्जर चांगला गरम होतो हे मी तिला एकदा हात लावून दाखवलं. तिनं आधी नाही म्हटलं, मग म्हणाली, बघू. त्यामुळे तिच्या मीटिंगा चालू असताना शेजारचं मांजर येऊन तिच्या मागच्या पलंगावर बसतं, आणि साहेब रोज त्याची चौकशी करतात. वास मात्र अजून पलीकडे जात नाही. ती सोय निघाली की गोरेगावात कुणीतरी नाक वर करील, आणि सुनेनं काय उत्तर द्यायचं ते मी तिला आधीच शिकवून ठेवलंय.