आईची शतावरी

पेशी वाढल्या म्हणून नाचणारी माणसं जगात फारशी नसावीत. मी मात्र त्या दुपारी नवी मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटासकट, चक्क गिरकी घेतली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही एक घ्यायला लावली.

आम्ही छोट्या ताटल्यांत माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी वाढवतो. या पेशी इस्ट्रोजेनवर, म्हणजे बायकांच्या शरीरातल्या संप्रेरकावर पोसतात. ते काढून घेतलं की बिचाऱ्या उपाशी बसून राहतात. मग एकेका वनस्पतीचा अर्क घालायचा. पेशी वाढायला लागल्या, तर अर्कातलं काहीतरी इस्ट्रोजेनची नक्कल करत असणार. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी दिलेल्या चारही वनस्पती ठोंब निघाल्या. पाचवी, शतावरी, मी हट्टाने घातली, आणि तीही आईमुळे.

आईची गाठ आदल्या वर्षी काढली होती. इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी रोज चालू होती आणि तिच्यापायी अंगातून गरम वाफा निघायच्या. म्हणून मी माणगावच्या बाजारातून शतावरीचं चूर्ण घेऊन हरिहरेश्वरजवळच्या आमच्या घरी पोचतं केलं. "दुधातून घे, बायकांना चांगली असते," असं वर मीच शहाणपणाने सांगितलं. तेव्हापासून दर फोनला कौतुक, "काय गुण आहे गो तुझ्या शतावरीला!" म्हटलं, बघूच तर खरं.

बघितलं तर ताटली पेशींनी गच्च! पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी वहीत 'शतावरी'खाली झोकात एक रेघ मारली. दुसरी मारताना हात थांबला. आईची गाठही अशीच, इस्ट्रोजेनवर पोसणारी होती. आणि तिला रोज दुधातून शतावरी द्यायची व्यवस्था मीच केली होती.

मॅडम म्हणाल्या, "ताटलीत झालं ते माणसात होईलच असं नाही. पण आत्ताच्या आत्ता बंद करायला सांग आणि डॉक्टरांच्या कानावर घाल."

मी फोन लावला. "आई, शतावरी आजपासून बंद. आणि आजवर किती घेतलीस ते नीट सांग."

आईने आवाज बारीक केला.

"रागावणार नाहीस ना?"

"आई, बोल!"

"अगो, मी कुठली घेत्ये! पहिल्याच दिवशी तो वास सोसेना. तू एवढी हौसेने आणलीस, सांगवेना मला. गाईच्या आंबोणात घालत्ये रोज. दूध काय वाढलंय म्हणून सांगू! गुण आहे म्हणत्ये ते खोटं नाही हो."

मी तिथेच फरशीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गिरकीवाली मुलगी पाण्याची बाटली घेऊन धावत आली. आई वाचली होती, गाय खूश होती, आणि माझा प्रयोगही बरोबर होता! मग एकदम आठवलं.

"आणि आई, त्या वाफा?"

"त्या येतात की अजून. पण गुण आला म्हटलं की तू किती खूश व्हायचीस."